दहा पौंडांचं घर

पहिला दिवस : लुईस

लेकीकडे इंग्लंडात रेडिंगला आलो की पहिले पंधरा दिवस नातवाचे असतात. सोळाव्या दिवशी लेकच म्हणते, "बाबा, आता तुम्ही दोघं चार दिवस कुठेतरी फिरून या." मागच्या खेपेला राजवाडे आणि किल्ले झाले होते. या वेळी मी घरूनच ठरवून आलो होतो, ससेक्समधल्या ऑल्फ्रिस्टन गावातलं पाद्र्याचं जुनं घर बघायचं.

"पाद्र्याच्या घरात काय बघायचं?" हिनं विचारलं.

"छप्पर."

पाटबंधारे खात्यात तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाला छपराचं एवढं कौतुक कशाला, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण डबा भरून द्यायला ती लागलीही होती.

लंडन व्हिक्टोरियाहून लुईसला रेल्वेनं साधारण तासभर लागतो. इंग्रजी अक्षरं वाचून मी 'लेवेस' म्हणालो, तर तिकिटं बघणाऱ्या बाईंनी हसत 'लुईस' अशी दुरुस्ती केली. उताराचं गाव आहे, वर किल्ला, खाली ऊझ नदी. बऱ्याच घरांच्या दर्शनी भिंती विटांच्या वाटतात, आणि जवळ जाऊन टकटक केलं की लक्षात येतं की त्या विटांसारख्या दिसणाऱ्या कौलांच्या आहेत. आत लाकडी सांगाडा, वर कौलांचं सोंग. अठराव्या शतकातली ही हौस.

संध्याकाळच्या आत ॲन ऑफ क्लीव्ह्जचं घर पाहून घेतलं. आठव्या हेन्रीनं या चौथ्या राणीशी लग्न केलं ते सहा महिन्यांत मोडलं, आणि 1541 मध्ये तिला जी मिळकत तोडून दिली त्यात हे घर होतं. बाई इथे कधी राहिल्या नाहीत. घर पंधराव्या शतकातलं, मी उद्या जे बघणार होतो त्याच जातीचं. पण त्याच्यावर पुढच्या लोकांनी इतकी पुटं चढवली आहेत की मूळ रचना वाचणं म्हणजे जाड कोट घातलेल्या माणसाच्या बरगड्या मोजण्यासारखं. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात मात्र ही बराच वेळ रमली.

दुसरा दिवस : बर्विक ते ऑल्फ्रिस्टन

लुईसहून ईस्टबोर्नच्या गाडीनं बर्विक स्टेशन. तिथून ऑल्फ्रिस्टन चार-साडेचार किलोमीटर. बस मिळाली असती, पण ऊन छान होतं आणि शेताच्या बांधावरून पायवाट होती. समोर साउथ डाउन्सच्या टेकड्या. या टेकड्या म्हणजे पांढऱ्या खडूचा डोंगर आणि त्याच्यावर गवताची गोधडी. जिथे गोधडी फाटते तिथे पांढरं दिसतं. नांगरलेल्या शेतातसुद्धा पांढरी ढेकळं, आणि त्यात जागोजाग काळ्या गारगोट्या. या भागात बांधकामाचा चांगला दगड नाही. खडू मऊ, गारगोटी कडक पण वेडीवाकडी. मग माणसांनी काय केलं, त्याचं उत्तर पुढे गावोगाव दिसतं. देवळाला गारगोटी, घराला लाकूड.

वाटेत बर्विकचं चर्च लागतं. दुसऱ्या महायुद्धात बिशप जॉर्ज बेल यांच्या पुढाकारानं डंकन ग्रँट, व्हनेसा बेल आणि क्वेंटिन बेल यांनी त्याच्या भिंती चित्रांनी भरल्या. येशूचा जन्म इथल्याच ससेक्सच्या गोठ्यात होतो आणि भोवती मेंढपाळ जमतात. आपल्याकडच्या देखाव्यात बाळकृष्णाच्या पाठीमागे आपल्याच गावची नदी रंगवावी तसं. दहा मिनिटं थांबलो. मन पुढे धावत होतं.

ऑल्फ्रिस्टनमध्ये शिरताना एक अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना वाकलेल्या लाकडांच्या खानावळी. रस्ता सोडून गल्लीतून खाली उतरलो तर एकदम मोकळं गवताळ पटांगण. त्याला इथे 'टाय' म्हणतात. पटांगणाच्या कडेला चर्च, आणि चर्चच्या बाजूला खाली बसलेलं ते घर. मी 'बसलेलं' म्हणतो कारण छप्पर इतकं मोठं आणि भिंती इतक्या बुटक्या की पावसात डोक्यावर इरलं घेऊन बसलेल्या बाईची आठवण होते.

"हे तर शाकारलेलं आहे!" ही म्हणाली.

झालं. तिथून पुढे दिवसभर मला इंग्रजी शब्दाची गरज पडली नाही. हिचं माहेर राजापूरजवळचं. लहानपणी गुरांचा वाडा दर वर्षी पावसाआधी शाकारला जायचा, भिंती कुडाच्या होत्या, जमिनी सारवलेल्या. मी सिव्हिलचा पदवीधर, मला सिमेंटची भाषा येते. या घराची भाषा तिला जास्त येत होती.

घर चौदाव्या शतकातलं. 1348-49 च्या प्लेगनं इंग्लंडची लोकसंख्या निम्म्याच्या आसपास आणली, त्या शतकातलं. ससेक्स आणि केंटमध्ये असल्या घरांना वील्डन घर म्हणतात, कारण वील्ड नावाच्या रानाच्या पट्ट्यात ती सगळ्यात जास्त. रान ओकचं. म्हणून घर ओकचं.

आता छप्पर. बाहेर उभं राहून मी हिला गवतावर काडीनं आकृती काढून दाखवली. घराचे तीन भाग. दोन्ही टोकांना दोन मजले, मधे एकच उंच दालन, जमिनीपासून छपरापर्यंत मोकळं. टोकांचे वरचे मजले खालच्या भिंतीपेक्षा हातभर पुढे झुकलेले असतात. मधल्या दालनाला वरचा मजलाच नाही, त्यामुळे त्याची भिंत सरळ वर जाते आणि दोन्ही बाजूंच्या मानानं आत राहते. आता गोम अशी की छप्पर मात्र सगळ्यावर एकच. वळचण एका ओळीत. मग दालनासमोर, जिथे भिंत आत गेली आहे तिथे, वळचणीचे वासे कशावर टेकवायचे? त्यासाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तुळई टाकतात. ती दालनापुढे अधांतरी असते. तिला दोन्ही बाजूंनी कमानीसारखे वाकलेले टेकू देतात. हे टेकू मुद्दाम वाकवलेले नसतात, फांदीच्या बाकाचं लाकूड शोधून आणतात. झाडात जोर ज्या दिशेनं वाहत होता, घरातही त्याच दिशेनं वाहतो.

मी पुष्कळ गणितं मांडली आहेत आयुष्यात, पण इतकं मोकळेपणानं आपलं गणित बाहेर दाखवणारी इमारत क्वचित भेटली. अडचण कुठे आली, ती कशी सोडवली, सगळं रस्त्यावरून दिसतं.

आत गेलो. मधलं दालन बघून मान वर झाली ती खाली येईना. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाड आडवी तुळई, तिच्या मधोमध उभा एक आखूड खांब, खांबाच्या डोक्यातून फुटलेल्या फांद्यांसारखे टेकू, आणि त्यांवर घराच्या लांबीनं जाणारी एक कडी, जी वाशांच्या जोड्यांना मधल्या उंचीवर बांधणाऱ्या आडकाठ्यांना खालून धरते. आपल्या आढ्याशी याची गल्लत करू नये. आपलं आढं सगळ्यात वर असतं, वासे त्यावर टेकतात. इथे वर आढंच नाही, वासे एकमेकांना टेकून उभे आहेत आणि ही कडी फक्त त्यांना एका बाजूला झोपू देत नाही. पत्त्यांचा बंगला पडू नये म्हणून मधे बोट धरावं, तसं.

मुळात या दालनात धुराडं नव्हतं. जमिनीच्या मधोमध चूल पेटायची, धूर छपरात चढायचा आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडायचा. विटांचं धुराडं ही पुढची सुधारणा. खिडक्यांना काच नव्हती, उभे गज आणि आतून झडपा. भिंती कुडाच्या. ओकच्या चौकटीत काठ्या उभ्या करायच्या, त्यांत लवचीक काड्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण, चिरलेला पेंढा यांचा गिलावा लिंपायचा. वर चुना. हे मी हिला समजावत होतो आणि ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती की मी तिला भाकरी कशी थापतात ते सांगतोय.

पण खरी गंमत पायाखाली होती. जमीन पांढुरकी, घट्ट, जराशी चमक असलेली. तिथे माहिती सांगायला बसलेल्या वयस्कर बाईंनी सांगितलं, की ही जमीन खडू कुटून केलेली आहे आणि वर नासलेलं आंबट दूध ओतून पक्की केलेली आहे. मी भाषांतर केलं.

"नासलेलं दूध?" ही खाली वाकली, बोटांनी जमीन चाचपली. "चोपण्यानं चोपली असणार. पण दूध का? शेण का नाही?"

मी तिला दुधातल्या केसीनबद्दल सांगितलं. दूध आंबलं की केसीन सुटं होतं, चुनखडीबरोबर त्याचा चिकट थर बसतो, वाळला की कडक होतो. सुतारांचा जुना डिंक याच तत्त्वावरचा. तिचं समाधान झालं नाही. तिनं मला त्या बाईंना विचारायला लावलं, की हे दर आठवड्याला करतात का? बाई हसल्या. नाही, एकदा नीट झाली की वर्षानुवर्षं टिकते. "मग ही आळशी बायकांची सारवण," ही म्हणाली, आणि हे मी काही भाषांतरित केलं नाही.

दालनाच्या एका तुळईवर कोपऱ्यात ओकचं पान कोरलेलं आहे. जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेचं बोधचिन्ह ओकची पानं आहे, आणि ते या कोरीवकामावरून सुचलं असं सांगण्याची इथे पद्धत आहे. बोधचिन्ह 1930 च्या दशकातलं, जोसेफ आर्मिटेज या शिल्पकाराचं. इंग्लंडात ओकचं पान सुचायला एखाद्या तुळईची गरज असेल असं मला वाटत नाही, पण गोष्ट गोड आहे.

हे घर उभं कसं राहिलं, ती गोष्ट मात्र पक्की आहे. पाद्री केव्हाच सोडून गेले होते, घराचे छोटे भाग करून मजुरांची बिऱ्हाडं झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ते इतकं खचलं की पाडायचं ठरलं. आत राहणाऱ्या म्हातारीनं 'माझे डोळे मिटेपर्यंत थांबा' म्हटलं म्हणून थोडी वर्षं मिळाली, असं सांगतात. मग रेव्हरंड एफ. डब्ल्यू. बेनन गावात आले आणि त्यांनी घर वाचवायचा ध्यास घेतला. पत्रं लिहिली, दारं ठोठावली. 1895 मध्ये ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली यांनी नॅशनल ट्रस्ट काढला होता. पहिल्याच वर्षी त्यांना वेल्समधल्या डोंगरउताराची जमीन दान मिळाली. पहिली इमारत मात्र ही. 1896 मध्ये, दहा पौंडांना.

आज ट्रस्टकडे शेकडो महाल आणि बागा आहेत. त्या सगळ्यांच्या आधी त्यांनी घेतलं ते गवताचं छप्पर आणि कुडाच्या भिंतीचं, छत गळणारं घर. ऑक्टेव्हिया हिल या लंडनमधल्या गरिबांच्या चाळी सुधारणाऱ्या बाई, हे लक्षात घेतलं की त्याचं नवल उरत नाही.

दहा पौंड ही अर्थात घ्यायची किंमत. खरा खर्च दुरुस्तीचा, आणि तो जमवायला लोकांपुढे हात पसरावे लागले. काम आल्फ्रेड पॉवेल या वास्तुकारानं केलं. विल्यम मॉरिसनं 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिच्या विचाराचा हा माणूस. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जुनं घर नवं करायला जाऊ नका, त्याची डागडुजी करा. कुजलं तेवढंच कापा, तेवढंच नवं सांधा, आणि सांधा लपवू नका. आमच्या खात्यात एखादा जुना बांध दुरुस्तीला आला की आधी तो 'संपूर्ण नव्यानं' करायचंच अंदाजपत्रक निघायचं. मीही काढली आहेत.

मागच्या बागेत फळझाडं, भाजीचे वाफे, आणि कुंपणापलीकडे उतारानं ककमिअर नदीचा काठ. बाकावर बसून डबा सोडला. गार थालीपीठ, लसणाची चटणी. शेजारच्या बाकावरच्या जोडप्याला ही विचारणारच होती, मी डोळ्यांनी थांबवलं. पाच मिनिटांनी तिनं विचारलंच. त्यांनी दोन घेतली.

तिसरा दिवस : चर्च, एक छोटं देऊळ, एक मोठा माणूस

सकाळी घराचे दरवाजे उघडायच्या आधी टायवर जाऊन बसलो. सेंट अँड्र्यू चर्चही चौदाव्या शतकातलं, गारगोटीचं, चारही भुजा जवळपास सारख्या असलेला क्रूस. मधोमध मनोरा, त्यावर लाकडी पट्ट्यांचा कळस. याला 'डाउन्सचं कॅथीड्रल' म्हणतात. दंतकथा अशी, की चर्च दुसरीकडे बांधायला घेतलं तर रात्रीत दगड उठून टायवर येऊन पडायचे. मग कुणाला तरी इथे चार पांढरे बैल पाठीला पाठ लावून क्रूसाच्या आकारात बसलेले दिसले आणि नकाशा ठरला. आपल्या देवळांच्या कथांत गाय दूध सोडते, इथे बैल आराखडा काढून देतात.

चर्च आणि घर एकाच नजरेत घेतलं की कळतं, एकाच शतकात, एकाच गावात, शंभर पावलांवर दोन वेगळ्या कारागिरांच्या जाती राबल्या. गवंडी वरच्यासाठी, सुतार माणसासाठी.

मग पूल ओलांडून ललिंग्टन. तिथलं चर्च म्हणजे एका मोठ्या चर्चचा उरलेला तुकडा, आतून जेमतेम पाच मीटरचा चौक. तिथून विल्मिंग्टनचा 'लाँग मॅन', टेकडीच्या उतारावर दोन हातांत दोन काठ्या घेऊन उभी असलेली सुमारे सत्तर मीटरची रेषाकृती. पूर्वी त्याला फार प्राचीन मानत, 2003 मधल्या उत्खननानंतर तो सोळाव्या-सतराव्या शतकातला असावा असं मत झालं. आज त्याच्या रेषा काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या आहेत. हिचे गुडघे बोलायला लागले, आम्ही परत फिरलो.

चौथा दिवस : सिंगल्टन

परवाच्या घरात एक गोष्ट नव्हती, विस्तव. म्हणून परतायच्या आधी वेस्ट ससेक्समध्ये सिंगल्टनला गेलो. लुईसहून ब्रायटनला गाडी बदलून चिचेस्टर, तिथून बस. इथे वील्ड अँड डाउनलँड नावाचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. जुनी घरं, गोठे, गिरण्या मूळ जागेवरून सोडवून आणून टेकड्यांच्या कुशीत पुन्हा उभी केलेली.

त्यातलं 'बे-लीफ' नावाचं शेतकऱ्याचं घर वील्डन जातीचं, पंधराव्या शतकातलं. तेच तीन भाग, तेच वाकलेले टेकू, फक्त छप्पर कौलांचं. आत जमिनीवर मधोमध लाकडं धुमसत होती. दारातच नाकाला धूर लागला. उभं राहिलं की डोळे चुरचुरतात, बाकावर बसलं की बरं वाटतं. डोक्यापासून हातभर वर धुराचा थर तरंगत होता आणि त्याच्या पलीकडे वासे काळे दिसत होते. जुन्या घरात पुढे मजले घालून कितीही लपवलं तरी माळ्यावरच्या काजळीवरून इथलेही जाणकार सांगतात, की इथे एके काळी उघडी चूल होती.

"आमच्या माजघरावरचा माळा असाच," ही म्हणाली. "कोकमं, मिरच्या, बियाणं, सगळं धुरावर. कीड लागत नसे." मग वरच्या मजल्यावरच्या शेतकऱ्याच्या झोपायच्या खोलीत गेलो. तिथे भिंतीबाहेर लटकवलेला लाकडी संडास बघून ती जी हसत सुटली ती जिना उतरेपर्यंत.

मी मात्र खालच्या खांबांपाशी अडकलो होतो. ओकच्या लाकडावर पटाशीनं कोरलेल्या खुणा. रोमन आकड्यांसारख्या रेघा, दोन, तीन, चार. सुतार आधी सगळी चौकट आपल्या आवारात जमिनीवर आडवी जोडून बघत, कुसू खाचेत बसतो का ते तपासत, जोडीच्या लाकडांवर सारखा आकडा टाकत, मग सोडवून जागेवर नेत. खिळा नाही, लाकडाच्याच खुंट्या. म्हणजे हे घर पहिल्या दिवसापासूनच सुटं करता येईल असं होतं.

ते सुटं करावं का लागलं, हे तिथल्या फलकावर होतं. केंटमध्ये चिडिंगस्टोनजवळ बाउ बीचचं धरण झालं, घर पाण्याखाली जाणार होतं. 1968-69 मध्ये ते उतरवलं. मी फलक दोनदा वाचला. नोकरीची पहिली सहा वर्षं मी बुडीत क्षेत्राच्या मोजणीवर होतो. गावं उठायची तेव्हा लोक घराची कौलं, दारं, तुळया ट्रकवर चढवून पुनर्वसनाच्या माळावर न्यायचे. कुणाची तुळई कुणाकडे जाऊ नये म्हणून लाकडावर गेरूनं नावं लिहायचे. आमच्या रजिस्टरमध्ये त्या घरांचं एकूण क्षेत्रफळ असायचं आणि मूल्यांकनाचा आकडा.

"अहो, बसची वेळ झाली," ही दारातून म्हणाली.

बसमध्ये तिनं माझ्या स्वेटरचा वास घेतला आणि खिडकी उघडली.